लेबलवरची विधवा

मागच्या उन्हाळ्यात भाचीकडे पुण्याला गेले होते. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एका जाड काचेच्या रिकाम्या बाटलीत मनीप्लँट लावलेला. बाटलीवर पिवळंधमक लेबल, त्यावर फ्रेंच अक्षरं. ऑफिसच्या कुठल्याशा समारंभातून तिनं ती रिकामी बाटली आणलेली, छान दिसते म्हणून. मी सहज विचारलं, यावर लिहिलंय तरी काय? व्हव क्लिको, असं तिनं वाचून दाखवलं आणि वर सांगितलं, की यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ विधवा. क्लिको घराण्यातली विधवा.

मैत्रिणींनो, मी चमकलेच. ज्या एका शब्दापायी आपल्याकडे हळदीकुंकवाच्या यादीतून बाईचं नाव गळतं, तो शब्द या बाईनं आपल्या मालावर छापला, आणि दोनशे वर्षं झाली तरी तो जगभर मिरवतोय! ही बाई कोण, हे कळेपर्यंत मला चैन पडेना. वाचनालयात शोधलं, भाचीनं पाठवलेलं वाचलं, आणि जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतेय.

हिनं आता दारूच्या बाटलीवर लिहायला घेतलं का, असं काहीजणी म्हणणार हे मला ठाऊक आहे. बचत गटाच्या कामात नवऱ्याच्या पिण्यापायी मोडलेले संसार मी इतके पाहिलेत, की उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानात मी कुठल्या बाजूला असते हे वेगळं सांगायला नको. बाटलीचं कौतुक मला नाहीच. कौतुक आहे ते त्या बाईचं, आणि लेबलवरच्या आणखी एका शब्दाचं. तो शब्द म्हणजे शॅम्पेन. ते एका मुलखाचं नाव आहे, आणि त्याचं आपल्या सोलापुरी चादरीशी नातं आहे. ते पुढे सांगते.

तिचं माहेरचं नाव बार्ब-निकोल पोन्सार्दां. जन्म १६ डिसेंबर १७७७ चा, फ्रान्सच्या ईशान्येकडच्या शॅम्पेन प्रांतातल्या रॅन्स शहरातला. वडील कापडाचे बडे कारखानदार. रॅन्स तेव्हा लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होतं. म्हणजे आपल्यासारखंच मागांच्या खडखडाटात वाढलेलं गाव! हे वाचल्यावर बाई मला एकदम जवळची वाटायला लागली.

ती अकरा वर्षांची असताना, १७८९ साली, फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. श्रीमंतांची घरं धोक्यात आली. कॉन्व्हेंटमध्ये शिकणाऱ्या या मुलीला घरच्या ओळखीच्या शिंपिणीनं गरिबाघरच्या पोरीचे कपडे चढवून गर्दीतून बाहेर काढलं, अशी कथा सांगतात. वडील मात्र मोठे धोरणी. क्रांतिकारकांचं राज्य आलं तेव्हा ते त्यांच्यात, नेपोलियन आला तेव्हा त्याच्या बाजूला. पुढे तर शहराचे महापौरही झाले. वाऱ्याची दिशा ओळखायची ही कला मुलीनं त्यांच्याकडूनच घेतली असावी.

१७९८ साली तिचं लग्न फ्रांस्वा क्लिकोशी झालं. सासरही कापडवाल्यांचंच, सोबत वाइनचा छोटा जोडधंदा. क्रांतीच्या काळात चर्चमधले विधी बंद पाडलेले, म्हणून लग्न लागलं चक्क तळघरात. पुढच्या वर्षी मुलगी झाली, क्लेमांतिन. फ्रांस्वाला कापडापेक्षा वाइनचा नाद जास्त. दूरदूरच्या देशांत फिरून तो ऑर्डरी आणायचा. घरी आला की बायकोशी धंद्याचं बोलायचा, आणि ती ऐकून घ्यायची. ऐकता ऐकता शिकायचीही.

१८०५ च्या ऑक्टोबरमध्ये तापाचं निमित्त होऊन फ्रांस्वा गेला. ही सत्तावीस वर्षांची, पदरात सहा वर्षांची पोर. सासऱ्यांनी पुत्रशोकात वाइनचा धंदा बंद करायचं ठरवलं. माहेर गडगंज, सासर खाऊनपिऊन सुखी. मुलीला वाढवत गुपचूप दिवस काढले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. उलट तीच अपेक्षा होती.

इथे त्या काळचा कायदा सांगायला हवा. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय करारमदार करता येत नसत. लग्नाआधी बापाचा शब्द, लग्नानंतर नवऱ्याचा. स्वतःच्या सहीनं व्यवहार करायची मोकळीक होती ती विधवेला! नशिबाचा काय हा खेळ बघा. आपल्याकडे त्याच काळात विधवेचं केशवपन होत होतं, आणि तिकडे बाईला स्वतःची सही मिळायला नवरा जावा लागत होता. यातलं बरं कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी दोन्हीला हात जोडेन.

बार्ब-निकोल सासऱ्यांकडे गेली. धंदा मोडू नका, मला भांडवल द्या, मी चालवते, असं तिचं म्हणणं. सासरे फिलिप क्लिको यांनी सुनेत काय पाहिलं कोण जाणे, पण ते तयार झाले. अट एकच घातली, की अलेक्झांद्र फुर्नो नावाच्या जाणत्या वाइनवाल्याबरोबर भागीदारीत राहून चार वर्षं काम शिकायचं. मला या गोष्टीत सासरे फार आवडले. पैसे दिले, पण शिकल्याशिवाय गल्ला हातात दिला नाही. आपल्याकडे नवऱ्यामागे दुकान बाईच्या नावावर होतं खरं, पण हिशेबाची वही दिराच्या हातात असते.

ती चार वर्षं वाईटच गेली. नेपोलियनच्या लढायांनी बंदरं बंद पडलेली. अ‍ॅमस्टरडॅमला पाठवलेल्या हजारो बाटल्या तिथेच अडकून खराब झाल्या. मुदत संपल्यावर फुर्नो बाजूला झाले. सासऱ्यांनी पुन्हा पैसे घातले, आणि १८१० साली तिनं एकटीच्या नावानं पेढी सुरू केली. नाव ठेवलं व्हव क्लिको पोन्सार्दां. विधवापण, सासर आणि माहेर, तिन्ही एका पाटीवर.

आता हा माल काय असतो ते थोडक्यात सांगते. आपण इडलीचं पीठ आंबवतो तसा द्राक्षाचा रस आंबवतात. मग बाटलीत थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच घट्ट बसवायचं. आत पुन्हा आंबण्याची क्रिया होते, वायू तयार होतो, आणि बाहेर जायला वाट नसल्यानं तो रसातच विरघळतो. तोच पुढे फेस होऊन वर येतो. बाटल्या फुटायच्या, तळघरात काम करणारे जखमी व्हायचे. शिवाय यीस्टचा गाळ बाटलीतच राहून माल गढूळ दिसायचा. तो काढायचा तर बाटल्या ओतून पुन्हा भराव्या लागत, म्हणजे अर्धा फेस गेलाच.

या गाळाचा बंदोबस्त बाईनं १८१६ च्या सुमारास केला. स्वयंपाकघरातलं एक मजबूत टेबल तळघरात नेलं, त्याला तिरपी भोकं पाडून घेतली आणि बाटल्या मान खाली करून त्यात अडकवल्या, असं सांगतात. रोज प्रत्येक बाटली थोडी थोडी फिरवायची. काही आठवड्यांत सगळा गाळ घसरत बुचाशी जमतो. मग बूच काढलं की आतल्या जोरानंच तो फटकन बाहेर पडतो. कमी झालेला रस वरून भरायचा आणि नवं बूच बसवायचं. माल काचेसारखा स्वच्छ! तिच्या तळघराचे मुख्य कारागीर अंतोन म्युलर यांचाही यात मोठा हात होता. पण तोडगा निघाला तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर, हे मला पटतं. तुपाच्या तळाची बेरी वर येऊ न देता तूप कसं गाळायचं, हे बाईलाच माहीत असतं.

त्याआधी दोन वर्षं, १८१४ मध्ये, तिनं आयुष्यातला सगळ्यात मोठा जुगार खेळला होता. १८११ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला आणि त्या वर्षी द्राक्षं अशी काही उतरली, की लोक त्या वाइनला धूमकेतूची वाइन म्हणू लागले. तो साठा तिनं तळघरात जपून ठेवला. १८१४ च्या सुरुवातीला नेपोलियन हरत चालला आणि रशियन फौजा रॅन्समध्ये घुसल्या. शिपायांना तिथल्या मालाची चव लागली. आज फुकट पिणारे उद्या विकत घेतील, हे तिनं हेरलं. लढाई पुरती निवलीही नव्हती, व्यापार अधिकृतपणे खुला झाला नव्हता, तोच तिनं एक डच जहाज गुपचूप ठरवलं आणि १०,५५० बाटल्या क्योनिग्सबर्ग बंदराकडे रवाना केल्या. सोबत तिचा भरवशाचा विक्रेता लुई बोन. माल अडकला असता तर पेढी बुडाली असती. पण जहाज पोचलं, बाटल्या हातोहात गेल्या, आणि मोएतसारखे मोठे स्पर्धक जागे होईपर्यंत रशियाच्या बाजारात विधवेचं नाव झालं होतं. बाई स्वतः कधी रशियाला गेली नाही. रॅन्समध्ये टेबलाशी बसून पत्रं लिहायची आणि हिशेब बघायची.

१८१८ मध्ये तिनं बूझी गावच्या तांबड्या वाइनचं मिश्रण करून गुलाबी रंगाची शॅम्पेन काढली. हे बूझी लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

सगळंच काही साधलं असं नाही. मध्ये बँकेच्या व्यवसायात हात घातला तो पोळला. मुलीला तिनं धंद्यात आणलं नाही. १८१७ साली एका उमरावाशी तिचं लग्न करून दिलं, आणि जावई निघाले खर्चिक. पेढी पुढे एदुआर वेर्ले या हाताखालून वर आलेल्या माणसाला तिनं भागीदार करून घेतलं, ते १८३१ साली. स्वतः सासऱ्यांकडून जे मागून घेतलं, ते लेकीला का दिलं नाही, हा प्रश्न मला छळत राहतो. लेकीचा ओढा तिकडे नसेल. की लेकीला पुरुषांच्या बाजारात उतरावं लागू नये, हेच तिला आपलं यश वाटलं असेल? आपल्याकडच्या कष्टाळू आयाही हेच करतात. म्हातारपणी ती बूर्सो गावच्या हवेलीत राहिली आणि २९ जुलै १८६६ रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन गेली. पुन्हा लग्न केलं नाही. केलं असतं तर सही गेली असती.

आता तो दुसरा शब्द. तिच्या हाताखाली शिकलेला केसलर नावाचा एक जर्मन माणूस तिची नोकरी सोडून मायदेशी गेला आणि १८२६ साली एसलिंगेन गावात त्यानं तसाच फेसाळ माल काढायला सुरुवात केली. तो कारखाना आजही आहे. पण त्या मालाला आज शॅम्पेन म्हणता येत नाही, सेक्ट म्हणतात. स्पेनमधल्या तशाच मालाला काव्हा म्हणतात. हात तोच, रीत तीच, मग नाव का नाही? कारण नाव रीतीचं नाही, मुलखाचं आहे.

हे आपल्याला समजायला अवघड नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी आणि दुसरीकडची ज्वारी, बियाणं एक असलं तरी भाकरी थापताना हाताला फरक कळतो. शॅम्पेनची जमीन खडूची, हवा थंड. अशा खडूत द्राक्षाला जी आंबट धार येते ती आपल्या नान्नजच्या सोनाकात येणार नाही. सोनाका गोडीसाठी आणि बेदाण्यासाठी. ज्याची त्याची माती.

पण मातीचं मोल सांभाळायला कायदा लागला, आणि तो सहजी आला नाही. बाई गेल्यानंतर शॅम्पेनला जगभर मागणी वाढली. काही व्यापारी बाहेरच्या प्रांतांतून स्वस्त द्राक्षं आणून त्यावर शॅम्पेनचं नाव चिकटवू लागले. त्यात वेलींच्या मुळांना कीड लागली, पिकं गेली. १९०८ साली सरकारनं प्रांताची हद्द आखली, पण बाहेरचा माल थांबेना. शेवटी १९११ च्या जानेवारीत शेतकरी उठले, व्यापाऱ्यांची पिंपं फोडली, वाइन रस्त्यावर ओतली. एप्रिलमध्ये तर आई नावाच्या गावात जाळपोळ झाली आणि सैन्य आणावं लागलं. हो, गावाचा उच्चार आपल्या आईसारखाच! हद्दीबाहेर राहिलेल्या ओब जिल्ह्याचे शेतकरीही आम्हाला आत घ्या म्हणून रस्त्यावर आले. त्यांना कायमचं आत घेतलं गेलं ते १९२७ मध्ये. १९३५ साली अशा नावांसाठी राष्ट्रीय व्यवस्था झाली आणि १९३६ मध्ये शॅम्पेनचे नियम पक्के झाले. द्राक्षं त्या हद्दीतलीच हवीत, ठरावीक जातींचीच, त्यातल्या मुख्य तीन, तोडणी हातानं, फेस बाटलीतच तयार झालेला, आणि माल बाजारात आणण्याआधी किमान पंधरा महिने मुरवलेला. हद्दीच्या आतही गावांची प्रतवारी आहे. सर्वांत वरच्या दर्जाची गावं सतरा. त्यात ते बूझी आहे आणि आईही आहे.

म्हणजे लेबलवर दोन नावं असतात हे ध्यानात घ्या. व्हव क्लिको हे नाव एका पेढीचं, ते दुसऱ्यानं वापरायचं नाही. शॅम्पेन हे नाव कुणा एकाचं नाही. त्या हद्दीत राहून नियम पाळणाऱ्या प्रत्येकाचं आहे, चार एकराच्या शेतकऱ्याचंसुद्धा.

आपल्याकडे याच धर्तीचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून लागू आहे. भौगोलिक मानांकन म्हणतात ते हेच. दार्जिलिंगच्या चहाला ते पहिलं मिळालं. आपल्या सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला लवकरच, २००५-०६ मध्ये मिळालं. पुढे नाशिकच्या द्राक्षांना आणि तिथल्या वाइनला, मग मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला. नोंदणी दहा वर्षांची असते, पुन्हा करून घ्यावी लागते. आणि नुसतं गावाला मानांकन मिळून भागत नाही. विणणाऱ्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलं नाव वेगळं नोंदवायचं असतं. ही दुसरी पायरी बऱ्याच जणांना माहीतच नसते.

काही वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या एका तीर्थक्षेत्री आमच्या यात्रेतल्या बायकांनी थंडी वाजते म्हणून चादरी घेतल्या. दुकानदार छातीठोकपणे सोलापुरी म्हणून विकत होता. आम्ही सोलापूरच्याच, हे त्याला कुठे माहीत! नक्षी हुबेहूब, मोरसुद्धा तसाच. पण वजनाला हलकी, आणि पहिल्या धुण्यात असा रंग गेला की सोबतचे पांढरे कपडे गुलाबी झाले. एका बाईनं घरी आल्यावर ती फरशी पुसायला घेतली. ती चादर कुठल्या मागावर निघाली देव जाणे. पण तिच्या प्रत्येक विक्रीमागे आपल्या पूर्व भागातला एखादा माग थोडा वेळ थांबतो, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या गटातल्या बायका टॉवेलच्या कडा शिवतात, कुणी कांड्या भरतात, कुणी गोंडे वळतात. काम कमी झालं की आधी त्यांचं जातं.

शॅम्पेनच्या मळ्यात द्राक्षं खुडणाऱ्या बायकांची नावं मला कुठे सापडली नाहीत. आपल्याकडेही मानांकनाच्या कागदावर कांड्या भरणारी दिसत नाही.

आणि विधवा या शब्दाचं म्हणाल, तर २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्यामागे पुढाकार होता तो आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या एका संस्थेचा. हे भाचीला सांगितलं तेव्हा तिला आपल्या गावचं पहिल्यांदाच काही नवीन ऐकल्यासारखं झालं.

या दिवाळीत तिला चादर पाठवायची होती. पूर्व भागातल्या ओळखीच्या विणकराकडे गेले, कोपरा उलटून लेबल वाचलं, मग घेतली. कडेला बसून गोंडे वळणाऱ्या बाईंना नाव विचारलं, तर त्या आधी लाजल्या. मालकाचं नाव वर लिहिलंय की, म्हणाल्या. त्यांचं नाव मी चिठ्ठीवर लिहून घडीत ठेवलं. पार्सल कालच गेलंय.